दहाव्याला मागितलेली शाळा

आमच्या चिंचमाळच्या शाळेला गावात कुणी जिल्हा परिषदेची शाळा म्हणत नाही. कुसाबाईची शाळा म्हणतात. बाहेरगावचा माणूस फाट्यावर उतरला आणि त्याने शाळा विचारली, की टपरीवाला जागचा न हलता हात वर करतो. "ती काय, कुसाबाईची शाळा." मी त्याच टपरीसमोरून रोज मळ्यात जाते. इतक्या वर्षांत कानाला सवय व्हायला हवी होती. झाली नाही. अजूनही ऐकलं की माझ्या पोटात दुखतं.

कुसाबाई माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायचे. तिच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांना बोलू दे. मी तिच्याबरोबर आधी एका चुलीवर आणि वाटण्या झाल्यावर एका भिंतीआड संसार केला. तेव्हा मी सांगेन ते जरा आंबट लागेल, पण खरं असेल.

उंच, हाडापेराने दणकट बाई. आवाज असा, की तिने गोठ्यातून हाक मारली तर कादवा नदीच्या पलीकडच्या काठावरचा माणूस मागे वळून बघायचा. तिला मूलबाळ झालं नाही. अशा बाईला बाकीच्या बाया काय काय बोलतात ते मी सांगायला नको. पण आक्काला तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नाही, आणि पाठीमागे बोलायला मी होतेच.

माझ्या दोन मुली, सविता आणि ज्योत्स्ना. सविता माझ्या पोटची, पण निजायची आक्काच्या कुशीत. मला नुसतं "आई" आणि तिला "मोठी आई". सविता चौथीत पहिली आली तेव्हा गावभर पेढे वाटले ते आक्काने. मी घरात साखर आणून ठेवली होती, ती तशीच राहिली. लोक मला येऊन सांगायचे, "कुसाबाईने चांगलं वळण लावलं हो पोरीला." मी हसायचे. काय करणार?

आता आक्काची गंमत सांगते. सगळ्या बाया माहेरचं कौतुक करतात. माझं माहेर देवळ्याकडचं, तिकडच्या कांद्यासारखा कांदा जगात नाही असं मी आजही सांगते. आक्का ही एकच बाई मी अशी पाहिली, की जी माहेरावर जळायची. तिचं माहेर देवपिंपरी, नदीच्या पलीकडे, आमच्या ओट्यावरून दिसतं. भाऊबीजेला हसत जायची आणि तोंड पाडून यायची. एकदा मी विचारलं, भावजय काही बोलली का?

"भावजय कशाला बोलतीय," आक्का पिशवी आपटत म्हणाली. "त्यांच्या शाळेला स्लॅब पडला. सातवीपर्यंत वर्ग झाले. माझ्या भावाच्या नाती चपला घालून टकाटका शाळेत जात्यात. अन् आपल्या पोरी?"

आपल्या पोरी मारुतीच्या सभामंडपात बसत होत्या. आमची शाळा म्हणजे पहिली-दुसरी देवळात आणि तिसरी-चौथी देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत. गावात लग्न असलं की पंगती सभामंडपात बसायच्या आणि पहिली-दुसरीला सुट्टी मिळायची. चौथीनंतर शाळाच नाही. पाचवीला जायचं तर देवपिंपरीला, नदीवरच्या फरशी पुलावरून. वरच्या धरणातून पाणी सोडलं की फरशी बुडायची. मुलं कमरेएवढ्या पाण्यातून जायची. मुलींना कोण पाठवणार? चौथी झाली की मुलगी द्राक्षाच्या बागेत कामाला, आणि पुढे दोन-चार वर्षांत बोहल्यावर.

देवपिंपरीला स्लॅब का पडला, हेही सगळ्यांना माहीत होतं. आमदारांची सासुरवाडी तिथली. आमदारांची बायको आक्काच्या भावकीतली, नात्याने भाचीच. म्हणजे आमदार आक्काचे जावई लागायचे. तोवर या नात्याचा उपयोग आक्काने फक्त जळायला केला होता. "जावई माझ्या माहेराचा, अन् माझ्याच गावाला कोरडा," असं म्हणायची.

सविताची चौथी झाली त्या उन्हाळ्यात मी ग्रामपंचायतीची सदस्य होते. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आले होते. नावापुरती नव्हे, मी सातवी शिकलेली, सभेला जायचे, बोलायचे. पाचवीचा वर्ग गावात सुरू करावा असा ठराव मी मांडला. तो झाला. मग सरपंचांबरोबर नाशिकला आमदारांच्या बंगल्यावर गेले. तिथे आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. दोनदा चहा आला, आमदार आले नाहीत. त्यांचा माणूस म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. दौरा म्हणजे काय, तर उन्हाळ्यात सकाळी दहावे आणि दुपारी लग्नं.

घरी येऊन मी चुलीपुढे बसून चिडून हे सगळं सांगितलं. माझा नवरा रंगनाथ म्हणाला, "चौथी लय झाली. आता बागेत येऊ दे तिला." सविता कोपऱ्यात रडायला लागली. माझी लेक, माझं दुःख, पण मोठ्याने रडली ती आक्का. आणि मग नाक पुसून एकदम म्हणाली, "दहाव्यालाच असत्यात ना जावईबापू? मंग तिथंच धरू की."

दहाव्याची गोष्ट माझ्या तोंडून निघाली होती, हे ध्यानात ठेवा. नंतर कुणी ठेवलं नाही.

दहावा म्हणजे आमच्याकडे माणूस गेल्यानंतरचा दहावा दिवस. नदीकाठी भाताचे पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस सुखाने गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली. मग घरची माणसं पिंडापुढे हात जोडून एकेक वचन देतात, आईला सांभाळू, धाकटीचं लग्न करू, आणि योग्य वचन दिलं की कावळा खाली येतो, अशी समजूत. या दहाव्याला आमदार आला नाही तर घरच्यांना फार लागतं, आणि ते मतदानापर्यंत लक्षात राहतं. म्हणून आमदार प्रत्येक दहाव्याला येतातच. आणि एकदा येऊन बसलं, की कावळा शिवेपर्यंत उठायचं नाही, ही रीत. आमदार असला म्हणून काय झालं!

त्याच मे महिन्यात आमच्या गावचे कारभारी तात्या वारले. मोठा बागायतदार माणूस. गावठाणाची शाळेसाठी सोडलेली जागा होती, तिच्यात तात्या टोमॅटो लावायचे. पाचवीचा विषय निघाला की म्हणायचे, "पोरी शिकून काय कलेक्टर व्हनार हायेत का?" माझ्या ठरावाला गावात विरोध केला तो एकट्या तात्यांनी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी जिवंतपणीही हेच बोलायचे.

दहाव्याला ही गर्दी. आमदार पुढच्या खुर्चीत, पांढरे कपडे, कपाळाला घाम. प्रवचन संपलं, पिंड मांडले. समोरच्या उंबरावर चार-पाच कावळे होते, पण एक खाली येईना. थोरला मुलगा म्हणाला, "तात्या, मळा वाटणार नाय." कावळा जागचा हलला नाही. धाकटा म्हणाला, "आईला अंतर देणार नाय." तरी नाही. सुनेने पिंडाजवळ भजी ठेवली, तात्यांना आवडायची म्हणून. कुणीतरी तंबाखूची पुडी ठेवली. एक कावळा उतरला, पिंडाला वळसा घालून परत उंबरावर. पोरांचा गलका, बायांची कुजबुज, ऊन चढलेलं. आमदारांनी हळूच घड्याळ पाहिलं. त्यांना निफाडला लग्न होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आक्का उठली. मी तिचा पदर धरून ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि बायांमधून थेट पुढे गेली. आमच्या घाटावर तोवर कुठल्या बाईने उभं राहून भाषण केलेलं नव्हतं.

"तात्यांची इच्छा मला ठावं हाय," आक्का म्हणाली, आणि घाट गप्प झाला. "तात्या मला म्हनले व्हते, कुसा, आपल्या गावात पाचवी पायजे. पोरींनी फरशीवरून पाण्यातनं जाऊ नये. माझी जागा घ्या, पन शाळा बांधा. असं म्हनले व्हते."

धडधडीत खोटं! तात्यांच्या थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. पण बापाच्या पिंडासमोर उभं राहून तो काय म्हणणार? आमचा बाप इतकं चांगलं बोलूच शकत नव्हता, असं म्हणणार? त्याने मान हलवली.

"आता हे काय लेकांच्या हातचं काम नाय," आक्का पुढे म्हणाली. "हे जावईबापूंच्या हातचं हाय."

जावईबापू म्हटल्याबरोबर माणसं हसली, पण आमदारांना उठावंच लागलं. सासुरवाडीची आतेसासू भर घाटावर हाक मारते म्हटल्यावर बसून कसं राहणार? ते हात जोडून म्हणाले, "तात्या, तुमची इच्छा आम्ही पूर्ण करू."

"कधी?" आक्का म्हणाली.

"येत्या जूनला वर्ग सुरू होईल."

"माझ्याकडं काय बघता, जावईबापू? पिंडाकडं बघून बोला."

आमदार पिंडाकडे वळले आणि पुन्हा तेच बोलले. आणि कावळा खाली उतरला. भात उचलून निवांत खाऊन गेला.

माझं म्हणणं असं, की तोवर पोरं गोंगाट करत होती म्हणून कावळा बिचकत होता. आक्का बोलली तेव्हा सगळे चिडीचूप झाले, मग कावळा येणारच. हे मी त्या दिवशीही सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. बाया आक्काच्या पाया पडत होत्या.

अर्जाला कागद म्हणून बाजूला टाकता येतं. पिंडाला दिलेला शब्द कसा टाकणार? जूनमध्ये पाचवी सुरू झाली. आधी सभामंडपातच, पण नवे गुरुजी आले. सविता दप्तर घेऊन आधी आक्काच्या पाया पडली, मग माझ्या. तात्यांच्या मुलांनी टोमॅटो काढून जागा मोकळी केली. पुढच्या वर्षी सहावी, मग सातवी. आमदार निधीतून तीन खोल्या बांधल्या, स्लॅबच्या.

खोल्यांच्या उद्घाटनाला मी सदस्य म्हणून व्यासपीठावर होते. त्या दिवसासाठी मी जांभळी साडी घेतली होती, नवी. नारळ माझ्या हातात होता. आमदार पुढे आले, नारळाकडे पाहून हसले आणि माईकवर म्हणाले, "हा मान कुसाबाईंचा." नारळ माझ्या हातातून गेला. आक्काने तो एका दणक्यात फोडला, मोठी वाटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "धर यशोदे, तू बी लय पळालीस." यशोदा म्हणजे मी. ती चेष्टा करत नव्हती, मनापासून म्हणाली. म्हणून तर माझ्या अंगाचा जास्त तिळपापड झाला. समोर मुलींच्या रांगेत सविता टाळ्या वाजवत होती आणि ओरडत होती, "मोठी आई!"

त्यानंतर आक्काला तो नादच लागला. कादवेच्या काठी कुठेही दहावा असला की आक्का हजर. ती दिसली की आमदारांचा चेहरा उतरायचा. दर वेळी ती खोटं बोलायची असं नाही. पुष्कळदा मेलेल्या माणसाच्या घरी आधी जाऊन बसायची, मुलांना पढवायची, म्हाताऱ्याच्या नावाने शाळेसाठी मागून घ्या म्हणायची. कुठे पाण्याची टाकी मिळाली, कुठे गळकं छप्पर बदललं, कुठे रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. एका प्रवचनकार महाराजांनी तिला सुनावलं, की हा मृतात्म्याचा अपमान आहे. आक्का म्हणाली, "मेलेल्याला काय लागतं महाराज? भजी, तंबाखू. पोरांना छप्पर लागतं."

लांबची गावं तिला बोलवायला लागली. जीप यायची आमच्या दाराशी. माणसं मला विचारायची, "कुसाबाई हायेत का?" आणि मी, गावाने निवडून दिलेली सदस्य, म्हशीखाली बसून सांगायचे, "आहेत, आत या." चहासुद्धा मीच करायचे. एकदा पेपरात आलं, की आमच्या आमदारांनी विधानसभेत तालुक्यातल्या शाळांच्या पडक्या खोल्यांवर प्रश्न विचारला. सविताने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. आक्का म्हणाली, "असं व्हय! मंबईला बी दहावे असत्यात का काय?" सगळं घर हसलं. मीही हसले, मग मलाच राग आला.

एवढं होऊनही तिची जळजळ थांबली नाही. आमची शाळा देवपिंपरीच्या तोडीची झाली, तर देवपिंपरीच्या शाळेला कुंपणाची भिंत झाली. आक्का ओट्यावर उभी राहून ती भिंत बघत बसायची. "बघ कशी रंगवलीय," म्हणायची, आणि जेवायची नाही.

वर्षं गेली. सविता सातवी झाली, दहावी झाली, नाशिकला मास्तरणीचं शिकायला गेली. धाकटी ज्योत्स्ना आक्काच्याच शाळेत सातवीला आली. आणि तिथे तोवर कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट पुढे आली.

शाळेला खोल्या होत्या, पाणी होतं, दुपारची खिचडी सुरू झाली होती. पण संडास-मुतारी नव्हती. आधी मुली मागच्या बाभळींआड जायच्या. मग बाभळी तोडून तिथे द्राक्षबाग झाली आणि तारेचं कुंपण पडलं. मुलं कुठेही उभी राहतात. मुलींनी काय करावं? मुलींनी त्यांचा त्यांचा उपाय काढला. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. महिन्याच्या अडचणीत तर घरीच बसायचं. ज्योत्स्नाला लघवीला जळजळ व्हायला लागली, ताप भरला. दिंडोरीच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितेस? ती खाली मान घालून बसली. घरी आल्यावर तिने दप्तर कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाली, "मी नाय जायची आता शाळेत."

रंगनाथ म्हणाला, "सहावी लय झाली." तेच शब्द, नुसती इयत्ता वाढलेली.

मी आक्काकडे गेले. तिच्याकडे काही मागायला जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं, पण गेले. म्हटलं, पुढच्या दहाव्याला आमदारांना हे सांग. मुलींसाठी संडास-मुतारी मागून घे.

आक्काचं तोंड लाल झालं. एवढी घाट दणाणून सोडणारी बाई, पदर तोंडाला लावून म्हणाली, "असलं बोलायचं? पिंडापुढं? अन् जावयाला?"

"का? बाकी सगळं बोलतेस की."

"दुसरं काय बी सांग यशोदे. जावयापुढं सासूनं असलं तोंडातनं काढायचं नसतं. मला नाय जमायचं."

ज्या नात्याच्या जोरावर तिने सगळं मिळवलं, त्याच नात्याने तिची जीभ बांधली होती. खरं सांगू? मला बरं वाटलं. तिला न जमणारी एक तरी गोष्ट या जगात होती. पण घरी आले तर ज्योत्स्ना द्राक्षाच्या बागेत जायला कात्री शोधत होती, आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी आक्का गेली. बागेत द्राक्षं काढताना खाली बसली ती उठलीच नाही.

तिच्या दहाव्याला जेवढी माणसं आली तेवढी आमच्या घाटाने कधी पाहिली नव्हती. देवपिंपरी तर झाडून आली होती. सविता नाशिकहून आली, रडून रडून डोळे सुजलेले. आमदार आले, आता केस पिकले होते, तिसऱ्यांदा निवडून आलेले. कुसाबाईचा कावळा काही सहज शिवायचा नाही, हे सगळे धरून चालले होते. माणसांनी छत्र्या आणल्या होत्या, कुणी कुणी भाकरी बांधून आणल्या होत्या. सरपंच माझ्या कानात म्हणाले, "साहेब आठवीचा वर्ग मंजूर करायचं ठरवून आलेत. कावळा अडला की जाहीर करतील." आमदारांनीही मनात शब्द जुळवून ठेवले असतील. घाटावर सगळे कावळा अडायची वाट बघत होते.

भटजींनी पिंड मांडले. ते मागे सरले नाहीत तोच कावळा आला. उंबरावरून थेट खाली, आणि शिवला. कुणाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही.

"सुटली बाई! पुण्यवान!" म्हणत सगळे डोळे पुसायला लागले. आमदारांनी मोठा श्वास सोडला, खुर्ची मागे सारली आणि उठले. आठवीचा वर्ग त्यांच्या तोंडातच राहिला. त्यांच्या माणसाने गाडीकडे हात केला.

मला असा संताप आला! जन्मभर दुसऱ्यांच्या पिंडांवर मागत हिंडली, आणि स्वतःच्या पिंडावर काहीही न मागता निघून गेली. तृप्त होऊन गेली म्हणे. बायांमध्ये ज्योत्स्ना गुडघ्यात मान घालून बसली होती, हाताला द्राक्षाच्या पानांचा डाग. मी उठले. माझा पदर ओढायला शेजारी कुणी नव्हतं.

"साहेब, बसा," मी म्हणाले.

माझा आवाज आक्कासारखा नाही, बारीक आहे. पण गर्दी वळली.

"कावळा तिच्या पिंडाला शिवला. तिची इच्छा संपली असंल. माझी राहिलीय, अन् मी जिती हाय."

आमदार उभेच राहिले. मी पुढे गेले. "तुम्ही आक्काचे जावई व्हता. माझं माहेर देवळ्याकडचं. माझे तुम्ही कुनी लागत नाय, तवा मला लाज नाय. शाळेत पोरींना संडास नाय, मुतारी नाय. पोरी दिवसभर पानी पीत नायत, साहेब. अडचणीच्या दिवसांत घरी बसत्यात अन् मंग कायमच्या बसत्यात. ही माझी पोरगी. तिला लघवीचा आजार झाला, म्हणून शाळा सुटली."

पुरुष वाळूकडे बघत होते. रंगनाथने टोपी डोळ्यांवर ओढली. ज्योत्स्नाने मात्र मान वर केली होती. आमदार सावकाश खुर्चीत बसले, आणि इतक्या वर्षांची सवय, त्यांची नजर आपोआप पिंडाकडे गेली.

"पिंडाकडं नका बघू," मी म्हणाले. "माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करू, ताई," म्हणाले. "जूनमध्ये—"

"जून लांब हाय. एप्रिलात परीक्षा हाय पोरींची. अन् एकट्या चिंचमाळचं नको. देवपिंपरीला रंगवलेली भिंत हाय, पन पोरींना तिथं बी मुतारी नाय. तुमची सासुरवाडी हाय म्हणून बाया तोंड उघडत नायत. तिकडं मंबईला तुम्ही उभं राहून बोलता ना? तिथं हे बोला. मी बाईमानूस हितं बोलले, तुम्हाला तिथं काय लाज?"

देवपिंपरीच्या बायांमधून कुणीतरी "खरं हाय" म्हणालं. मग आणखी कुणी म्हणालं. आमदारांनी मान डोलावली आणि आठवीचाही शब्द दिला, जो ते गाडीत परत घेऊन निघाले होते.

मुंबईला ते बोलले की नाही, मला माहीत नाही. पेपरात तरी काही आलं नाही. पण परीक्षेच्या आधी आमच्या शाळेमागे मुलींसाठी भिंत उभी राहिली, दारं लागली, आतून कड्या लागल्या. त्याच उन्हाळ्यात देवपिंपरीलाही झालं.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, "कुसाबाई यशोदेच्या अंगात आली." रंगनाथ म्हणाला, "वैनीच बोलली, हिच्या तोंडून असलं निघायचं नाय." सवितासुद्धा म्हणाली, "आई, अगदी मोठी आई बोलतेय असं वाटलं ग." मी किती जणांना सांगू, की ती हे जन्मात बोलली नसती? तिला जमलं नाही ते मला जमलं, आणि ते पुन्हा तिच्याच नावावर गेलं. टपरीवाला आजही कुसाबाईची शाळा म्हणतो.

ज्योत्स्ना पुन्हा शाळेत जायला लागली त्या दिवशी मी तिला बाटलीत पाणी भरून दिलं होतं. संध्याकाळी तिने बाटली माझ्या हातात दिली आणि खेळायला पळाली. बाटली रिकामी होती. मी ती घेऊन ओट्यावर आले आणि सवयीने भिंतीपलीकडे हाक मारली, "आक्का, हे बघ."

तिला दाखवायची होती ती बाटली. चांगली जळली असती.